परसबागेत पांढरा थर

प्रश्न : आम्ही इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्यालगत राहतो. परसात बोअरच्या पाण्यावर भाजी लावते. घेवडा उगवतो, पण पाने कडेने करपतात. मातीवर पांढरा थर येतो. भरपूर शेणखत घातले, फरक नाही.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या कष्टात कसूर नाही. हा कालवा 1885 पासून वाहतो आहे. भारी काळी जमीन, उसाला भरमसाट पाणी आणि निचरा नाही, यामुळे या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी खारवटल्या. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

घेवड्याला क्षार मुळीच सोसत नाहीत. त्याचा हट्ट सोडा. पालक, बीट तग धरतात. क्षार वरंब्याच्या माथ्यावर साचतात, म्हणून रोप बगलेत लावा. वर उसाचे पाचट अंथरा. पावसाळ्यात छपराचे पाणी वाफ्यात मुरू द्या, मात्र निचऱ्याला कडेने चर हवाच.

शेजारी सांगतात म्हणून जिप्सम टाकू नका. ते सोडियम वाढलेल्या चोपण मातीचे औषध आहे. तिचा सामू साधारण 8.5 च्या वर असतो. आधी माती आणि बोअरचे पाणी, दोन्ही बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत नवे बियाणे आणू नका.