काउंटीची दीड लाख मुलं आणि आपली एक

अगं, तू पाठवलेली घरांची यादी वाचली. जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, गेदर्सबर्ग, रॉकव्हिल, सगळं नीट मांडलंयस. प्रत्येक पत्त्यापुढे शाळेचं रेटिंग लिहिलंयस आणि सहाच्या खालच्या घरांवर सरळ काट मारलीयस. चिऊ पाच वर्षांची झाली, ऑगस्टअखेर किंडरगार्टन सुरू होणार, तुझ्या जिवाला घोर असणारच. म्हणून फोनवर घाईत काहीतरी सांगण्याऐवजी निवांत लिहायला बसले. मेरीलँडच्या या माँटगोमेरी काउंटीत माझी मुलं शिकली, मोठी झाली. इथे जे डोळ्यांनी पाहिलं ते तुला नाही सांगणार तर कोणाला?

आधी त्या आकड्याचं बोलू. रेटिंगमध्ये परीक्षेच्या गुणांना मोठं वजन असतं, आणि त्या गुणांमध्ये घरच्या सुस्थितीचा वाटा मोठा असतो. आईबाबा दोघं शिकलेले, रात्री कोणीतरी गोष्ट वाचून दाखवणारं, शनिवारी गणिताचा क्लास, अशा घरची मुलं शाळेची पायरी चढायच्या आधीच चार पावलं पुढे असतात. ती एका शाळेत जास्त जमली की आकडा वर जातो. तिथले शिक्षक कसं शिकवतात, मागे राहिलेल्या पोराकडे कोण लक्ष देतं, शिकून आलेल्या पोराला आणखी काय देतात, हे त्यातून तुला कळायचं नाही. चिऊसाठी नेमकं हेच कळायला हवं.

तुझी नणंद न्यू जर्सीत असते ना? तिथे सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. जवळजवळ गावागणिक वेगळं मंडळ, आणि खर्चाचा मोठा भार त्या त्या गावच्या घरपट्टीवर. ज्या गावात घरं महाग, तिथल्या शाळेला सहसा कशाची ददात नाही. टेक्सासमधल्या गरीब वस्तीतल्या पालकांनी याच अन्यायासाठी सुप्रीम कोर्ट गाठलं होतं. १९७३ साली कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की देशाच्या राज्यघटनेने शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही. तेव्हापासून हा लढा राज्याराज्यांत आणि डिस्ट्रिक्टांमध्येच लढावा लागतो. मेरीलँडमध्ये मात्र सगळी मिळून २४ डिस्ट्रिक्ट, २३ काउंट्यांची आणि एक बाल्टिमोर शहराचं. त्यामुळे पोटोमॅकच्या बंगल्यांतली मुलं आणि व्हीटनच्या भाड्याच्या अपार्टमेंटमधली मुलं एकाच मंडळाखाली, एकाच तिजोरीवर शिकतात. दीड लाखाहून जास्त मुलं आहेत ही.

आता तिजोरी एक म्हटल्यावर कोणाला किती द्यायचं हा प्रश्न आलाच. १९९९ मध्ये जेरी वीस्ट इथे सुपरिंटेंडंट म्हणून आले आणि २०११ पर्यंत राहिले. त्यांनी काउंटीचे सरळ दोन भाग करून दाखवले. गरिबी जिथे एकवटलेली आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं जिथे जास्त, तो रेड झोन. उरलेला ग्रीन झोन. मग रेड झोनच्या प्राथमिक शाळांना आधी पूर्ण दिवसाचं किंडरगार्टन मिळालं, खालच्या इयत्तांचे वर्ग लहान झाले, शिक्षकांच्या प्रशिक्षणावर पैसा लागला. विद्यार्थ्यामागे सुमारे दोन हजार डॉलर जास्त खर्च होऊ लागला. ग्रीन झोनच्या पालकांना हे पटवणं सोपं नव्हतं. मला मात्र ते तेव्हाही योग्य वाटलं आणि आजही वाटतं. ज्या लेकराला घरी इंग्रजी पुस्तक दिसत नाही, त्याला शाळेत दिवसभर बसायला मिळणं ही काही खैरात नव्हे.

तू यादीत काट मारलेल्या अशाच एका शाळेत मी वाचनाला मदत करायला जात असे, म्हणून तिथलं सांगते. एक अर्धगोल टेबल, आतल्या बाजूला शिक्षिका, बाहेरून पाच मुलं. एकाचे आईवडील एल साल्वादोरहून आलेले, एकीचे इथिओपियाचे, आणि एक आपला जळगावकडचा मुलगा, ज्याला वाचायला आधीच येत होतं. बाईंनी त्याला वेगळं, थोडं अवघड पुस्तक दिलं होतं आणि वाचून झाल्यावर पुढे काय होईल ते चित्र काढून सांगायला लावलं होतं. शेजारची मुलगी एका शब्दाशी अडली तेव्हा बाईंनी तो सांगितला नाही. अक्षरावर बोट ठेवून थांबल्या. अख्ख्या वर्गाने कलकलाट न करता त्या मुलीला तो शब्द काढू दिला. वर्गात मुलं कमी होती म्हणून बाईंना एवढं थांबता आलं. त्या जळगावच्या पोराचं काहीएक नुकसान झालं नाही, उलट त्याला त्याच्या जोगतं काम मिळालं.

आता घराबद्दलची गोष्ट, कारण तू घर घ्यायला निघालीयस. या काउंटीत १९७४ पासून कायदा आहे की मोठी नवी वसाहत बांधायची तर त्यातली काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा दराने द्यायची. त्यातलीही काही घरं काउंटीची गृहनिर्माण संस्था विकत घेते आणि अगदी गरीब कुटुंबांना भाड्याने देते. क्लार्क्सबर्गला तू टाउनहाउसच्या रांगा पाहिल्यास ना, त्यात अशी घरं मिसळलेली असतात. हेदर श्वार्त्झ या संशोधक बाईंनी अशा सरकारी घरांतली साडेआठशेहून जास्त मुलं २००१ ते २००७ या काळात अभ्यासली. कोणत्या कुटुंबाला कुठलं घर मिळेल हे जवळपास नशिबावर होतं, त्यामुळे तुलना करता आली. काही मुलं जास्त पैसा मिळणाऱ्या रेड झोनच्या शाळांत गेली, काही सुस्थितीतल्या वस्तीच्या शाळांत. सुस्थितीतल्या शाळांमध्ये गेलेली मुलं पुढे गेली. काउंटीतल्या गरीब नसलेल्या मुलांशी असलेलं त्यांचं अंतर प्राथमिक शाळा संपेपर्यंत गणितात निम्म्याने आणि वाचनात एक तृतीयांशाने कमी झालं. २०१० मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. पैसा हवाच, पण एकाच बाकावर बसण्याने जे होतं ते नुसत्या पैशाने भरून निघत नाही. म्हणून 'तिकडे कसली मुलं येतात' असं कोणी तुझ्या कानाशी लागलं, तर तू तरी मान डोलावू नकोस. ती मुलं चिऊच्याच वाढदिवसाला येणार आहेत.

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही, बरं का. १९३६ मध्ये याच काउंटीत, रॉकव्हिलला, विल्यम गिब्ज नावाचे कृष्णवर्णीय शिक्षक होते. गोऱ्या शिक्षकांच्या तुलनेत जवळपास निम्मा पगार. त्यांनी मंडळावर दावा लावला, आणि त्यांचे वकील होते तरुण थरगुड मार्शल, जे पुढे वर्णावरून वेगळ्या शाळांविरुद्धचा १९५४ चा ब्राउन खटला लढले आणि सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. वर्षभरात मंडळाला पगार समान करायचं कबूल करावं लागलं. १९५१ मध्ये त्याच गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळं कार्व्हर हायस्कूल उघडलं. पुढे वेगळ्या शाळा बंद झाल्या आणि त्याच इमारतीत डिस्ट्रिक्टचं मुख्य कार्यालय आलं. तुला कधी रॉकव्हिलला काम पडलं तर हंगरफर्ड ड्राइव्हवर ती इमारत बघ. आपण आलो तेव्हा दारं उघडी होती, कारण ती आधी कोणीतरी उघडून ठेवली होती.

आता अवघड विषय. तुझ्या ग्रुपवर जे चाललंय ते मलाही दिसतं. 'इक्विटीच्या नावाखाली आपल्या मुलांच्या जागा जातात.' यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. इथे हुशार मुलांसाठी मॅग्नेट वर्ग आहेत. टाकोमा पार्क मिडल स्कूलचा गणित-विज्ञानाचा आणि ईस्टर्नचा भाषा-साहित्याचा तर फारच नावाजलेला. पूर्वी पालकांनी अर्ज करायचा, मग परीक्षा. ज्यांना हे माहीत तेच अर्ज करायचे. पुढे डिस्ट्रिक्टने अर्जाची वाट न बघता सगळ्याच मुलांची चाचपणी सुरू केली, आणि मूल कुठल्या शाळेत, कुठल्या परिस्थितीत शिकतं तेही बघू लागले. मिडल स्कूलच्या मॅग्नेटमध्ये आशियाई मुलांचं प्रमाण घटलं. काही पालक २०२० मध्ये कोर्टात गेले. २०२२ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ज्या मुलांनी जीव लावून तयारी केली आणि जागा मिळाली नाही, त्यांचं वाईट वाटलं, त्यातली दोघं-तिघं आपल्याच ओळखीची होती. पण सगळ्यांची चाचपणी करणं बरोबरच होतं. आईला अर्जाचा पत्ता नाही म्हणून एखाद्या हुशार मुलीला कोणी विचारूच नये, हे मला कधीच पटलं नसतं. भांडायचं असेल तर जागा वाढवण्यासाठी भांडू. चांगले वर्ग जवळच्या शाळेतही हवेत म्हणून भांडू. त्या लढ्यात व्हीटनची आई आपल्या शेजारी उभी राहील.

आणि हे आपल्याला नवं थोडंच आहे? शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ मध्ये निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली. तेव्हाही ओरड झालीच होती. महाराजांचा फोटो आपण मराठी मंडळाच्या स्टेजवर लावतो, तर त्यांचा विचार इथल्या शाळेच्या दारातही लक्षात राहू दे.

आता कामाचं. नाव नोंदवताना घरच्या भाषेबद्दल एक फॉर्म भरायला देतील. मूल आधी कुठली भाषा बोलायला लागलं, घरी काय बोलता, असं विचारतील. तिथे खरं लिही, मराठी. आपल्यातले बरेच जण 'इंग्लिश' लिहितात, मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील या भीतीने. मराठी लिहिलंस तर चिऊची इंग्रजीची चाचणी होईल, गरज असेल तर जादा मदत मिळेल, आणि पुरेसं येत असेल तर तिथेच विषय संपेल. ही मदत म्हणजे १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी कुटुंबांनी सुप्रीम कोर्टात मिळवलेला हक्क आहे. तो नाकारायचं काय कारण? आणि घरी तिच्याशी मराठीच बोल. दहा वर्षांनी आजीशी फोनवर कोण बोलणार?

दुसरं जरा नाजूक आहे. चिऊ उशिरा बोलायला लागली हे तू मला एकदाच सांगितलंस, पुन्हा विषय काढला नाहीस. वर्गात तिला काही जड जातंय असं वाटलं, तर लोक काय म्हणतील हा विचार मनातून काढून टाक आणि शाळेला लेखी कळव की तपासणी हवी. १९७५ पासून देशाचा कायदा आहे: गरज असलेल्या मुलासाठी शाळेने मोफत, त्याच्यापुरती स्वतंत्र योजना आखायची. तिला इथे आयईपी म्हणतात. पहिली तपासणी तुझ्या संमतीशिवाय होत नाही. मीटिंगमध्ये पलीकडे पाच-सहा जण बसतात, सगळे संक्षेपांत बोलतात, आणि आपण नुसती मान हलवत राहतो. तसं होऊ देऊ नकोस. मेरीलँडच्या नियमाप्रमाणे कागद मीटिंगच्या पाच कामकाजाच्या दिवसांआधी हातात यायला हवेत. ते वाच, पेन घेऊन खुणा कर. दुभाषा मागायचाही हक्क आहे, आणि तो मागताना कमीपणा वाटून घेऊ नकोस. मी येईन सोबत, नुसती शेजारी बसेन.

देव करो आणि वेळ न येवो, पण घरातली नोकरी गेली तर मोफत जेवणाचा अर्ज वर्षात कधीही करता येतो. तो भरताना संकोच करू नकोस.

तू म्हणालीस, आपण व्हिसावर, आपल्याला कोण विचारतं? मत देता येत नाही हे खरं. बोलता मात्र येतं. शाळेच्या मंडळाच्या सभेत आधी नाव नोंदवून कुठल्याही पालकाला बोलता येतं, सिटिझन असण्याची अट नाही. मंडळात सात सदस्य मतदार निवडून देतात आणि आठवा सदस्य विद्यार्थी असतो, मिडल आणि हायस्कूलच्या मुलांनी निवडलेला. चिऊ सहावीत गेली की तिला ते मत मिळेल, तुझ्याआधी. शाळांच्या हद्दी बदलायच्या, नवी शाळा बांधायची, तेव्हाच्या सभांना आपली माणसं फक्त घराच्या किमतीला धक्का बसेल असं वाटलं तरच जातात. तू एकदा त्याआधी जाऊन ये. तिथे कोण काय मागतंय ते ऐक.

तर आता असं कर. त्या यादीतली काट मारलेली तीन घरं परत वर घे. प्रत्येक शाळेत फोन करून भेट माग, बहुतेक ठिकाणी देतात. प्रिन्सिपलना दोनच गोष्टी विचार: पहिलीच्या वर्गात किती मुलं असतात, आणि वाचायला आधीच येणाऱ्या मुलाला व न येणाऱ्या मुलाला एकाच तासात काय देता? उत्तर देताना त्या कुठल्या वर्गाचं, कुठल्या मुलाचं उदाहरण देतात ते नीट ऐक. मधल्या सुट्टीत मैदानाजवळ पाच मिनिटं थांब. नाव नोंदवायला जाताना जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि लसींची नोंद लागेल. पुण्याच्या डॉक्टरांची वही इथल्या डॉक्टरांकडून मेरीलँडच्या फॉर्मवर आत्ताच उतरवून घे, ऑगस्टमध्ये त्यांची अपॉइंटमेंट मिळत नाही. शनिवारी मी मोकळी आहे. शाळा बंद असतील, पण गाडी काढू आणि तिन्ही वस्त्या पायी फिरून येऊ.