रोपवाटिकेतील एलईडी दिव्यांचा विद्युत व्यत्यय : ओळख आणि उपाय



मुंबई उपनगरात शेतजमीन थोडी उरली आहे, पण रोपे वाढविणारे हात आजही आहेत. गोराई-मनोरीच्या वाड्या, बोरिवली व अंधेरीतील गच्च्या, मुलुंड आणि घाटकोपरमधील लहान रोपवाटिका येथे भाजीपाला व फुलझाडांची रोपे तयार होतात. पावसाळ्यातील ढगाळ हवा आणि उंच इमारतींची सावली यांमुळे रोपांना प्रकाश कमी पडतो. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाल्यानंतर एलईडी दिवे घरोघरी पोहोचले आणि रोपवाटिकेतही आले. शेवंतीसारख्या लहान दिवसाच्या पिकात फुलोरा लांबविण्यासाठीही रात्री दिवे लावले जातात. दिवे उपयोगी आहेत, वीजही कमी लागते. मात्र त्यांच्यासोबत एक न दिसणारा त्रास येऊ शकतो. त्याची माहिती या लेखात दिली आहे.

एक अनुभव

बोरिवलीच्या एका रोपवाटिकेत टोमॅटो व मिरचीची रोपे ट्रेमध्येच माना टाकू लागली. मला बोलावले तेव्हा प्रथमदर्शनी मीही रोपे कोलमडण्याचा रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी सांगितली. फरक पडला नाही. आठवड्याने रोपे उपटून पाहिली, तर मुळे पांढरी व निरोगी होती आणि कोकोपीट मात्र कोरडे होते. पाण्याचा पंप ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर चालत असे. सायंकाळी दिवे लागले की मीटर "ओले" दाखवी आणि पंप सुरूच होत नसे. दिवे बंद केले की आकडा खाली येई. सेन्सरची वायर दिव्यांच्या वायरसोबत एकाच पट्टीतून नेलेली होती. ती वेगळी केल्यावर पंप वेळेवर सुरू झाला. तोपर्यंत रोपांचा एक हप्ता आणि औषधाचा खर्च वाया गेला होता. म्हणून सेन्सरवर पाणी देणाऱ्यांनी रोगाचा संशय घेण्यापूर्वी हातात माती घेऊन पाहावी.

व्यत्यय कशामुळे येतो?

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. एलईडीला कमी दाबाची एकदिश वीज लागते. हा बदल दिव्यातील ड्रायव्हर करतो. त्यासाठी तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. या उघडझापीतून मूळ वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा लहरी निघतात. समजा, ड्रायव्हर ९३ किलोहर्ट्झवर चालतो. त्याची सहावी पट ५५८ किलोहर्ट्झ येते. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी अनेक वर्षे याच वारंवारितेवर ऐकली गेली. रेडिओत दिवा लागताच खरखर का येते, ते यावरून लक्षात येईल.

ही खरखर दोन वाटांनी पसरते. पहिली वाट विजेच्या तारांतून शेजारच्या उपकरणांत जाण्याची. दुसरी वाट हवेतून. यात लांब, मोकळ्या वायरी अँटेनासारखे काम करतात. चांगल्या ड्रायव्हरमध्ये ही लहर अडविणारी गाळणी, म्हणजे कॉइल व कपॅसिटर, बसविलेली असते. स्वस्त दिव्यात बहुधा हाच भाग वगळलेला असतो.

हा प्रश्न फक्त आपला नाही. २०१४ साली अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांच्या संघटनेने रोपांच्या दिव्यांच्या बॅलास्टविरुद्ध तेथील सरकारी आयोगाकडे तक्रार केली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने बोटीवरील एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ नीट ऐकू येत नाही, असा सुरक्षा इशारा दिला. मढ, वर्सोवा, गोराई येथील ज्या कुटुंबांची वाडीही आहे आणि बोटही आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. समुद्रात संकटाची हाक याच रेडिओवर येते.

दोष कसा ओळखावा?

यासाठी बॅटरीवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर पुरेसा आहे.

१. रेडिओ मध्यम लहरीवर (एएम) लावून काटा केंद्र नसलेल्या जागी ठेवावा. जवळचे केंद्र जोरात लागते व खरखर त्याखाली दबते.
२. मेन स्विच बंद करून आवाज ऐकावा. नंतर एकेक दिवा लावत जावे. ज्या दिव्याने खरखर वाढेल तो दोषी.
३. रेडिओ दिव्याजवळ, ड्रायव्हरजवळ व वायरीजवळ न्यावा. जेथे आवाज सर्वांत मोठा, तेथे उपाय करावा.
४. मेन बंद असतानाही खरखर तशीच राहिल्यास दोष बाहेरचा आहे. शेजारी व सोसायटीच्या दिव्यांची चौकशी करावी. खांबावरील ठिणगीचा संशय असल्यास वीज कंपनीस कळवावे.

उपाय

पैसे न लागणाऱ्या उपायांपासून सुरुवात करावी.

अंतर : सेन्सरच्या वायरी दिव्यांच्या वायरींपासून किमान एक फूट दूर ठेवाव्यात. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात, समांतर नेऊ नयेत.

वायरींची मांडणी : ड्रायव्हर दिव्याजवळ बसवावा. ड्रायव्हर ते दिवा ही वायर आखूड ठेवून तिच्या दोन्ही तारांना पीळ द्यावा. जादा वायरीचे वेटोळे करून टांगू नये.

जोड : खाडीकाठच्या खाऱ्या हवेत जोड गंजतात, सैल होतात आणि ठिणगी उडून खरखर वाढते. पावसाळ्यापूर्वी व नंतर सर्व जोड तपासावेत.

फेराइटचे कडे : ड्रायव्हरला वीज आणणारी केबल, आतील सर्व तारांसह, फेराइटच्या कड्याला ५ ते ७ वेढे द्यावी. कडे ड्रायव्हरच्या जवळ असावे. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ वेढ्यांचा अडथळा एका वेढ्याच्या साधारण २५ पट असतो. म्हणून मध्यम लहरीच्या खरखरीवर नुसती एका वेढ्याची क्लिप फारशी उपयोगी पडत नाही.

सेन्सरची केबल : जाळीच्या आवरणाची (शील्डेड) केबल वापरावी. आवरण मीटरच्या बाजूस, एकाच टोकाला अर्थ करावे.

खरेदी करताना : बीआयएस नोंदणी अवश्य पाहावी. मात्र ती प्रामुख्याने सुरक्षिततेची खूण आहे. व्यत्ययासाठी 'सिस्पर १५' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी झाली आहे का, हे वेगळे विचारावे. प्रथम एकच दिवा आणून ट्रान्झिस्टरजवळ लावून पाहावा, मग बाकीचे घ्यावेत.

सावधगिरी

ड्रायव्हर स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो. गाळणी असलेल्या ड्रायव्हरच्या धातूच्या पेटीला अर्थिंग नसेल तर हाताला झिणझिण्या येतात. रोपवाटिकेत जमीन ओली असते, म्हणून अर्थिंग योग्य हवे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

सारांश

दिव्यांच्या व सेन्सरच्या वायरी वेगळ्या ठेवा, वायर आखूड ठेवा, जोड घट्ट ठेवा, गरज पडल्यास फेराइट वापरा आणि दिवा पारखून घ्या. नवीन दिवे बसविल्यावर पहिले आठ दिवस रोज सायंकाळी मीटरचा आकडा व हाताला लागणारा ओलावा ताडून पाहा. दोन्ही जुळत असतील तरच पाण्याचे काम यंत्रावर सोपवावे.