ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्रण : सागरकिनाऱ्यावरून आकाशाचे मोजमाप

नॉर्वेच्या उत्तर भागात, आल्ता फियोर्डच्या काठी बोसेकोप ही वस्ती आहे. सन १८९२ मध्ये मार्टिन ब्रेंडेल यांनी येथेच ध्रुवीय प्रकाशाचे पहिले छायाचित्र घेतले. तोपर्यंत या प्रकाशाच्या रूपाविषयी मुख्यतः वर्णने आणि हाताने काढलेली रेखाटने यांचाच आधार होता. हा प्रकाश जमिनीपासून किती उंचावर असतो, याविषयी अभ्यासकांत एकमत नव्हते.

दोन कॅमेरे, एक क्षण

हा प्रश्न कार्ल स्टोर्मर या नॉर्वेजियन गणितज्ञाने हाती घेतला. सन १९१० मध्ये बोसेकोप येथे त्याने काही किलोमीटर अंतरावर दोन केंद्रे उभारली व ती दूरध्वनीने जोडली. इशारा मिळताच दोन्हीकडून एकाच क्षणी छायाचित्र घेतले जाई. दोन्ही चित्रांत पार्श्वभूमीचे तारे तेच असत. प्रकाशाची कडा मात्र ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेली दिसे. हात लांब करून अंगठा धरावा व एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. अंगठा मागील भिंतीवर सरकल्यासारखा भासतो. तत्त्व तेच आहे. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. केंद्रांमधील अंतर आणि हे सरकणे यांवरून त्रिकोणमितीने उंची निघते. प्रकाशाची खालची कडा सर्वसाधारणपणे सुमारे १०० किलोमीटर उंचीवर असते, असे या मोजणीतून सिद्ध झाले.

रंगांचे कारण

सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या प्रवाहामुळे पृथ्वीचे चुंबकीय आवरण विचलित होते आणि तेथून वेगवान इलेक्ट्रॉन ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात वातावरणावर आदळतात. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश प्रामुख्याने १०० ते १५० किलोमीटर उंचीवर, तर तांबडा २०० किलोमीटरच्या वर निर्माण होतो. नायट्रोजनमुळे निळ्या-जांभळ्या छटा येतात. मंद प्रकाशात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. म्हणून जो पट्टा डोळ्यांना राखी दिसतो, तोच छायाचित्रात हिरवा उमटतो.

छायाचित्र कसे घ्यावे

लोफोटेन बेटांसारख्या किनाऱ्यावर सप्टेंबर ते मार्च हा काळ सोयीचा असतो. उन्हाळ्यात तेथे रात्रीचा अंधारच पडत नाही. कॅमेरा भक्कम तिपाईवर बसवावा. विस्तृत कोनाचे भिंग पूर्ण उघडावे आणि तेजस्वी ताऱ्यावर हाताने केंद्रित करावे. संवेदनक्षमता १६०० ते ३२०० ठेवून ५ ते १५ सेकंदांचे उद्भासन द्यावे. प्रकाश वेगाने हलत असल्यास वेळ कमी करावा, अन्यथा पडद्याच्या घड्या पुसट होतात. चांदणे थोडे असेल तर डोंगर व खडक उजळतात. भरतीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात. स्थळ, दिशा व अचूक वेळ यांची नोंद करावी. तिच्याविना छायाचित्र केवळ शोभेचे राहते.

आपल्याकडील संबंध

४ फेब्रुवारी १८७२ रोजी मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. त्याआधी सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळ कुलाबा वेधशाळेत मोजले गेले होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हे चुंबकीय काम सन १९०४ च्या सुमारास अलिबागला हलविण्यात आले. मे २०२४ मध्ये लडाखमधील हान्ले येथून क्षितिजालगतची तांबडी आभा टिपली गेली. दूरच्या प्रकाशाचा खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या वक्रतेआड जातो, म्हणून आपल्याला तांबडाच भाग दिसतो.

असे प्रसंग विरळ असतात. पण ते आले तरी आकाश काळोखे असल्याशिवाय ही मंद आभा दिसणार नाही. सन २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकणी बसविली, तर उजेड जमिनीवर पडेल, विजेची बचत होईल आणि गावातील मुलांना तारे दिसत राहतील.