सही करण्याआधी मागचे कागद गोळा करा: केमिकल डिक्लेरेशन कसं भरायचं?



व्हिडिओमध्ये आपण फॉर्म पाहिला, पण त्यातला हिशोब कागदावरच नीट समजतो. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात छोटी शेड टाकायची आणि चाकणच्या सप्लायरला ब्रॅकेट, बुश, क्लिप असा माल द्यायचा, असं तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात आहे. समजा दर जमला, सॅम्पल पास झालं. मग परचेसकडून मेल येतो: "रोह्स आणि रीच डिक्लेरेशन पाठवा, आयएमडीएस सबमिट करा." बरेच जण सोबतच्या फॉरमॅटवर शिक्का मारून सही करतात आणि मोकळे होतात. इथेच धोका आहे. उद्या टेस्टमध्ये काही सापडलं, तर डेबिट नोट तुमच्या नावावर येणार, कारण सही तुमची आहे.

"पण आम्ही कुठे केमिकल बनवतो?" बरोबर, बनवत नाही. पण रॉड, प्लेटिंग, रबर, रंग यांच्यातून ते तुमच्या पार्टमध्ये येतंच.

आपल्या भागाला हे नवीन नाही

जुन्नरच्या निर्यातदार द्राक्ष बागायतदाराला विचारा. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागेत ज्याला 'सीसीसी' म्हणतात त्याच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतं, पण घेणाऱ्याच्या नियमात मर्यादा होती. धडा साधा आहे: यादी घेणाऱ्याची चालते. म्हणून बागायतदार फवारणीची नोंदवही ठेवतो. तशीच तुम्ही मटेरियलची वही ठेवायची.

मेलमधली तीन नावं

1. रोह्स: हा इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीचा युरोपचा नियम. यात दहा पदार्थ आहेत: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, पीबीबी, पीबीडीई आणि चार थॅलेट. कॅडमियमची मर्यादा 0.01 टक्के, बाकी सगळ्यांची 0.1 टक्के. प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट बहुतेक वस्तूंसाठी 22 जुलै 2019 पासून लागू झाले. पहिल्या सहा पदार्थांवर आपल्या देशातही मर्यादा आहे, ती ई-कचरा नियम 2022 मध्ये. हे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.

2. आयएमडीएस: वाहन कंपन्यांची ही सामाईक ऑनलाइन प्रणाली आहे. पार्टमधल्या प्रत्येक मटेरियलचं वजन आणि त्यातले पदार्थ इथे भरायचे असतात. सप्लायरला नोंदणीसाठी पैसे लागत नाहीत.

3. रीच: इथे अतिचिंताजनक पदार्थांची यादी असते. आज त्यात 240 च्या वर नोंदी आहेत आणि साधारण वर्षातून दोनदा भर पडते. शिसं या यादीत जून 2018 मध्ये आलं. यादीत नाव आलं म्हणजे लगेच बंदी, असं नाही. पण 0.1 टक्क्याच्या वर असेल तर ग्राहकाला कळवणं बंधनकारक आहे.

टक्केवारी कशाची? सगळा खेळ इथेच आहे

उदाहरण घेऊ. तुमचा पार्ट आहे 1000 ग्रॅमचा: 980 ग्रॅम स्टील ब्रॅकेट आणि त्यात दाबून बसवलेला 20 ग्रॅमचा पितळी बुश. लेथवर सहज कापलं जावं म्हणून फ्री कटिंग पितळेत शिसं मुद्दाम घातलेलं असतं. आयएस 319 च्या ग्रेड 1 रॉडमध्ये ते 2 ते 3.5 टक्के असतं. आपण 3 टक्के धरू.

20 ग्रॅमच्या 3 टक्के म्हणजे 0.6 ग्रॅम शिसं. पूर्ण पार्टवर भागलं तर 0.06 टक्के. मर्यादेच्या आत, खूश! पण बुशवर भागलं तर 3 टक्के, म्हणजे मर्यादेच्या तीसपट.

खरं उत्तर दुसरं. युरोपच्या न्यायालयाने 10 सप्टेंबर 2015 ला स्पष्ट केलं की जोडणीत गेलेली प्रत्येक वस्तू स्वतंत्रच मोजायची. रोह्स तर आणखी बारीक जातो. तिथे प्रत्येक एकजिनसी मटेरियल वेगळं धरतात. ब्रॅकेटवरचा झिंकचा पातळ थरसुद्धा वेगळा.

कागद गोळा करण्याचा क्रम

1. पार्ट सुटा करा. स्टील, पितळ, प्लेटिंग, स्लीव्ह, रंग, स्टिकर अशी यादी करा आणि प्रत्येकाचं वजन लिहा. वजनं जुळली नाहीत तर आयएमडीएस परत येतं.

2. रॉड-शीटवाल्याकडून मिल टेस्ट सर्टिफिकेट घ्या. त्यावरचा हीट नंबर मालावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. चलनावर नुसतं 'पितळ रॉड' लिहिलेलं चालणार नाही.

3. प्लेटिंगवाल्याला थेट विचारा: पॅसिव्हेशन ट्रायव्हॅलंट की हेक्साव्हॅलंट? रंगावरून ठरवू नका, पिवळी छटा ट्रायव्हॅलंटमध्येही मिळते. उत्तर लेटरहेडवर घ्या, सोबत वापरलेल्या केमिकलची डेटा शीट मागा.

4. पीव्हीसी स्लीव्ह आणि रबरासाठी थॅलेटचं लेखी उत्तर मागा. "आमचा माल चांगला आहे" हे उत्तर नाही.

5. शंका असेल तिथेच टेस्ट करा, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये. एक्सआरएफ मशीन एकूण क्रोमियम दाखवतं, तो हेक्साव्हॅलंट आहे का ते सांगत नाही. त्यासाठी वेगळी केमिकल टेस्ट लागते. लॅबला नेमकं काय हवंय ते सांगा, नाहीतर पैसे जातील आणि उत्तर मिळणार नाही.

फॉर्ममध्ये काय लिहायचं?

वरच्या उदाहरणात रीचसाठी "शिसं नाही" असं लिहायचं नाही. लिहायचं: "पितळी बुशमध्ये शिसं आहे, 0.1 टक्क्याच्या वर." आता तुम्ही म्हणाल, असं लिहिलं तर ऑर्डर जाईल! तसं नसतं. तांब्याच्या मिश्रधातूत 4 टक्क्यांपर्यंत शिशाला वाहनांच्या नियमात आणि रोह्समध्ये सवलतीचं कलम आहे. अशी सवलत तुमच्या वस्तूला आणि आजच्या तारखेला लागू आहे का, हे ग्राहकाच्या क्वालिटी विभागाकडून लेखी घ्या, कारण सवलतींचा फेरविचार होत असतो. खरं लिहिलेलं शिसं सवलतीत बसू शकतं. लपवलेलं शिसं सापडलं, तर ते खोटं डिक्लेरेशन ठरतं.

सहीजवळ तीन गोष्टी हव्यातच: पार्ट नंबर आणि रिव्हिजन, कोणत्या तारखेच्या यादीप्रमाणे तपासलं ते, आणि आधाराला कोणते कागद आहेत ते. "आमची सर्व उत्पादनं कायम सर्व नियमांत बसतात" असं वाक्य फॉरमॅटमध्ये असेल तर ते बदलून मागा. कायमची हमी कोणीच देऊ शकत नाही. यादी बदलली, प्लेटिंगवाला बदलला किंवा रॉडचा सप्लायर बदलला, की डिक्लेरेशन नव्याने तपासायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा किंवा तुम्ही करायचं ठरवलेला एक पार्ट निवडा. वहीत पाच रकाने आखा: मटेरियल, वजन, कोणाकडून घेतलं, कोणता कागद मिळाला, कागदाची तारीख. चौथ्या रकान्यात जिथे रिकामी जागा राहील, तिथे आधी फोन लावा. ती जागा भरेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका. मोठ्या सप्लायरला दर देणारे दहा जण भेटतात. विचारल्यावर तासाभरात फाइल पुढे ठेवणारा मात्र क्वचित भेटतो. तो तुम्ही व्हा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!