रात्रीची प्रार्थना आणि मनाची स्वस्थता

दिवसभर कामाच्या व्यापात दबून राहिलेली चिंता रात्री अंथरुणाला पाठ टेकताच डोके वर काढते. दिवसा जी अडचण निभावून नेण्याजोगी वाटत होती, तीच अंधारात अक्राळविक्राळ रूप धारण करते. मनुष्य या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहतो. एक विचार दुसऱ्याला जन्म देतो आणि झोप दूर पळते. ख्रिस्ती धर्मपरंपरेने ही घटका फार प्राचीन काळापासून ओळखली असून तिच्यासाठी प्रार्थनेची स्वतंत्र वेळ आणि ठरलेले शब्द राखून ठेवले आहेत. शब्द ठरलेले का असावेत, हे समजले म्हणजे या प्रार्थनेचे मर्म हाती येते.

या परंपरेच्या मुळाशीच एक व्याकूळ रात्र आहे. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशू अत्यंत खिन्न व कष्टी झाला होता, असे शुभवर्तमान सांगते. शिष्य झोपी गेले होते. अशा वेळी त्याने तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्या वेळीही तेच शब्द उच्चारले, अशी नोंद मत्तयाने केली आहे. संकट टळले नाही. परंतु प्रार्थनेनंतर तो उठला आणि येणाऱ्यांना सामोरा गेला. म्हणजे भीती वाटणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे, आणि त्याच शब्दांची पुनरावृत्ती हा प्रार्थनेचा दोषही नव्हे.

सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट याने मठवासीयांसाठी नियमावली रचली. तिच्यात दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेला ‘दिवस पूर्ण करणारी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे. रविवारची स्तोत्रे वेगळी, सोमवारची वेगळी, अशी इतर प्रार्थनांची विभागणी त्याने केली. या प्रार्थनेसाठी मात्र रोज तीच तीन स्तोत्रे नेमली. मराठी बायबलच्या अनुक्रमाप्रमाणे ती ४, ९१ व १३४ ही होत. पहिल्यात निर्धास्तपणे निजण्याचा भाव आहे, दुसऱ्यात रात्रीच्या भयाचा उघड उल्लेख आहे, तर तिसरे रात्री देवाच्या मंदिरात उभे असणाऱ्यांना उद्देशून आहे. रोजच्या पठणाने ही स्तोत्रे सहज मुखोद्गत होत. प्रार्थना संपल्यावर कोणी कोणाशी बोलू नये, असाही दंडक होता.

आपल्या देशात केरळमधील सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती समाजात अशीच एक प्रार्थना चालत आली आहे. तिला ‘सूतोरो’ म्हणतात; या सुरियानी शब्दाचा अर्थ आश्रय किंवा रक्षण असा होतो. तिच्यातही ९१वे स्तोत्र आहे आणि जोडीला १२१वे, ज्यात राखण करणारा देव कधी डुलकीही घेत नाही, असा विश्वास व्यक्त झाला आहे. जो जागा आहे त्याच्या हाती पहारा सोपवावा आणि आपण झोपावे, हा त्यातील आशय आहे.

या शब्दांची कसोटी विसाव्या शतकात एका कारागृहात लागली. हिटलरच्या राजवटीला विरोध करणारा जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहोफर याला ५ एप्रिल १९४३ रोजी अटक झाली व बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले. शहरावर हवाई हल्ले होत, तेव्हा कोठड्यांत कोंडलेल्या कैद्यांचा आक्रोश ऐकू येई. १९४३च्या नाताळात त्याने सहबंदींसाठी सकाळची, रात्रीची आणि संकटसमयीची अशा प्रार्थना लिहिल्या. रात्रीच्या प्रार्थनेत सरलेल्या दिवसाबद्दल आभार आहेत, चुकांसाठी क्षमायाचना आहे. शेवटी आपली माणसे, ‘हे घर’ आणि स्वतःचा देह व आत्मा देवाच्या स्वाधीन केला आहे. हे घर म्हणजे तो तुरुंगच. ९ एप्रिल १९४५ रोजी बॉनहोफरला फाशी देण्यात आली. प्रार्थनेने त्याची सुटका झाली नाही. पण भयाने ज्यांची वाचा बसली होती, त्यांच्यासाठी त्याने शब्द ठेवले.

ठरलेल्या शब्दांचे महत्त्व येथेच आहे. घाबरलेले मन नवे शब्द जुळवू लागले की पुन्हा आपल्याच चिंतेत गुरफटते. पाठ असलेले स्तोत्र त्याला आधाराची काठी देते. या परंपरेनुसार साधकाने निजण्यापूर्वी क्षणभर शांत बसावे, दिवसाचे स्मरण करावे, मिळाले त्याबद्दल आभार मानावेत आणि चुकले ते कबूल करावे. सतावणारी चिंता मोघमपणे न सांगता नेमक्या शब्दांत देवापुढे मांडावी. मग एखादे स्तोत्र किंवा प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी, आपल्याप्रमाणेच जागे असणारे आजारी व दुःखी यांची आठवण करावी आणि ‘आमेन’नंतर मौन पाळावे. मध्यरात्री जाग आली तर तेच शब्द पुन्हा म्हणावेत.

निद्रानाश आठवडेच्या आठवडे टिकला, तर वैद्याचा सल्लाही घ्यावा. त्याने श्रद्धेला कमीपणा येत नाही. उद्याची अडचण उद्या तशीच उभी असेल. रात्रीची प्रार्थना ती नाहीशी करण्याचे वचन देत नाही. रात्रभर ती एकट्याने वाहण्याची गरज नाही, एवढेच ती शिकवते. आणि थकलेल्या माणसाला डोळे मिटण्यास तेवढे पुरते.