मजुरी कधी थांबवायची?

ताई, नोकरदाराला निवृत्ती असते, आपल्याला कोण देणार? माझ्या आत्यानं मात्र पंचावन्नाव्या वर्षी रोजंदारीला जाणं बंद केलं. शेळी विकली की निम्मे पैसे बँकेत, हा तिचा नेम; घरात लग्न निघालं तरी मोडला नाही. (लोक कंजूष म्हणायचे!)

तुमचं वय १८ ते ४० असेल आणि आयकर भरत नसाल, तर बँकेत अटल पेन्शनचा अर्ज भरा. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर दरमहा ११६ रुपये भरून साठीनंतर दरमहा १००० मिळतात. चाळिसाव्या वर्षी तोच हप्ता २९१ होतो. पण हजारात घर चालत नाही. आणि साठीआधी थांबायचं तर मधल्या वर्षांची सोय वेगळी लागते. आत्याला शेळ्यांचा आधार होता. तुम्हाला कशाचा आहे? पुढच्या बैठकीला पासबुक घेऊन या, हिशेब मांडू.