नागरवाड्यातला रेडिओ आणि आपली आवड

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज चार-पाच गाणी येऊन पडतात. खाली अंगठे उमटतात, आणि गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं की नाही ते देव जाणे. ही तक्रार नव्हे. पण आवडलेलं गाणं दुसऱ्यापर्यंत पोचवायला पूर्वी काय करावं लागे, हे पाहण्यासारखं आहे. त्यासाठी बडोद्याला जाऊ, नागरवाड्यात.

नागरवाडा म्हणजे जुन्या बडोद्याची वस्ती. शेजारी गुजराती आणि मराठी, भाजीवाल्याशी एक भाषा आणि स्वयंपाकघरात दुसरी. तिथून चालत सुरसागर तलावाशी गेलं की संगीत महाविद्यालयाची इमारत लागते. तिचं मूळ 1886 सालच्या गायनशाळेत आहे. सयाजीराव गायकवाडांनी ती मौलाबक्ष यांच्या हाती सोपवली. दरबारात बसून ऐकायची विद्या गावातल्या मुलांना शिकता यावी, असा हेतू. मौलाबक्षांनी त्यासाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. याच बडोद्यात 1916 साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. मराठीच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी: भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत आहे, आणि तीही गुरुशिष्यांच्या गप्पांच्या रूपात. शास्त्राचा ग्रंथ, पण वाचताना दोन माणसं बोलत बसल्यासारखी वाटतात.

हे सगळं सोपं नव्हतं. चीज दिली की गेली, असं मानणारे गवय्ये पुष्कळ होते. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या थोर गायकाची बाजारात आलेली एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचं गाणं आपण शिष्यांच्या गळ्यातूनच ओळखतो. उलट बडोदे दरबारचे फैयाजखाँ. ते 1950 साली बडोद्यातच वारले, पण त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. त्यांच्या जुन्या तबकड्या 78 फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. आग्रा घराण्याचा हा गायक ध्रुपदाच्या वळणाने नोमतोम आलापी करणारा, तो तीन मिनिटांत काय काय मावणार? रेडिओसाठी गायलेलं त्यांचं जे ध्वनिमुद्रण टिकलं, त्यात जरा ऐसपैस बसलेले खाँसाहेब भेटतात. दोन्ही लागोपाठ ऐका. एकाच माणसाला घाईत आणि निवांतपणी भेटल्यासारखं होतं.

बडोदे संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, ते स्वातंत्र्यानंतर ऑल इंडिया रेडिओत गेलं. पण मराठी घराचे कान रात्री मुंबईकडे लागलेले. मुंबई तिथून चारएकशे किलोमीटर. मध्यम लहरी दिवसा इतक्या लांब नीट पोचत नाहीत, कारण उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या भागात तयार होणारा एक थर त्यांना शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहरी परत खाली येतात. म्हणून दिवेलागणीनंतर मुंबई ‘लागायची’. मध्येच आवाज लांब जायचा, परत यायचा. जुनी माणसं म्हणत, ‘मुंबई आज खोकतेय.’ रेडिओ असायचा एखाद्या घरात, परवानाही काढावा लागे, त्यामुळे ऐकणं आपोआपच चारचौघांत. कोणतं केंद्र लावायचं यावरून वाद व्हायचेच. 1952 च्या सुमाराला सरकारी रेडिओने सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली, तशी तरुण मंडळी लघुलहरींवर सिलोनकडे वळली. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती आली ती याच वळलेल्या कानांसाठी.

आणि फर्माईश! ‘आपली आवड’ हे कार्यक्रमाचं नावच बघा. ‘माझी’ नाही, ‘आपली’. पोस्टकार्डावर गाण्याचे बोल, चित्रपट किंवा गायक, खाली घरातल्या सगळ्यांची नावं. गाणं लागो न लागो, आपल्याला काय आवडतं ते नेमकं शब्दांत लिहावं लागे. पुणे केंद्राने 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर ‘गीतरामायण’ दिलं, एकूण छप्पन्न गीतं. तेव्हा लोक वही-पेन्सिल घेऊन रेडिओपाशी बसत. एकाने पहिली ओळ धरायची, दुसऱ्याने दुसरी, मग जुळवायचं. माझ्या मते ही जुळवाजुळव हाच त्या काळच्या रसिकतेचा खरा वर्ग. (आज बोल एका बोटावर मिळतात, आणि निम्म्या ठिकाणी चुकीचे असतात!)

तबकड्या जमवणाऱ्यांनी ही शिस्त पुढे नेली. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं. जमायचं, तबकडी वाजवायची, आणि तिच्याबद्दल ठाऊक असेल ते सांगायचं. लेबल, क्रमांक, साथीदार, सगळं. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत गौहरजान शेवटी स्वतःचं नाव सांगते. ते का, तर छपाई व्हायची जर्मनीत, आणि तिथल्या कारागिराला गाणं कुणाचं हे कळायला हवं.

तर पुढच्या बैठकीसाठी असं करू. प्रत्येकाने एकच गाणं आणायचं. कवी, संगीतकार, गायक, आणि शोधून सापडलं तर साल. कुठल्या जागी कान द्यायचा ते एका वाक्यात. ‘मस्त आहे’ चालणार नाही. मग गाणं पूर्ण वाजवायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. ऐकून झाल्यावर दुसऱ्याने, ज्याने ते आणलेलं नाही त्याने, काय ऐकू आलं ते सांगायचं.

आणखी एक. नागरवाड्यात काय किंवा तुमच्या गावी काय, आजी-आजोबांच्या कपाटात गाण्यांची वही असेलच. कडेला तारीख, कधी केंद्राचं नाव, खोडून दुरुस्त केलेले शब्द. ती रद्दीत जाऊ देऊ नका. पानं सुटली असतील तर हात लावण्याआधी आहेत त्या क्रमाने फोटो काढा, आणि कुठला शब्द कुणी दुरुस्त केला ते आजीलाच विचारून लिहून ठेवा.